मुलींना मागचे दारही नाही

७ ऑगस्ट २०२१ रोजी अदिती अशोकचे टोकियो ऑलिंपिकमधील पदक एका फटक्याने हुकले आणि गोल्फची काठी कधी हाती न धरलेली माणसेही हळहळली. ती हळहळ खरी होती. तिच्यापाठोपाठ आलेले वाक्य मात्र खोटे होते: ‘जिद्द असेल तर कोणतीही मुलगी इथवर पोहोचू शकते.’ परभणी जिल्ह्यातल्या मुलीला हे सांगणे म्हणजे तिच्या परिस्थितीचा दोष तिच्याच माथी मारणे होय.

‘श्रीमंतांचा खेळ, आपल्याला काय त्याचे?’ असे म्हणून हात झटकणारेही तितकेच चुकतात. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा अली शेर हा दिल्लीच्या मैदानावर इतरांच्या पिशव्या वाहणारा कॅडी होता. २०१६ आणि २०१७ साली तीच स्पर्धा जिंकणाऱ्या एस.एस.पी. चौरसियाचे वडील कोलकात्याच्या क्लबात हिरवळीची निगा राखत. हे दोघे मुख्य दरवाजाने आत आले नाहीत. चाकरीच्या निमित्ताने मागच्या दाराने आले आणि पाहून पाहून शिकले.

ते दार मुलींना कधी उघडले? परक्या पुरुषांच्या पिशव्या वाहायला कोणते घर मुलीला पाठवेल आणि कोणता क्लब तिला ठेवेल? म्हणून महिलांच्या व्यावसायिक गोल्फला एकच वाट उरते, ती पैशाची. अदितीच्या गुणवत्तेत काडीचेही उणे नाही. २०१६ साली अवघ्या अठराव्या वर्षी तिने महिलांची इंडियन ओपन जिंकली. पण रिओत तिची पिशवी वडिलांनी उचलली, टोकियोत आईने. सारे सोडून मुलीसोबत देशोदेशी फिरणे किती घरांना परवडते?

आता ज्योती गवतेकडे पाहा. परभणीची ही धावपटू २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली. धावायला रस्ता लागतो आणि रस्त्याला फाटक नसते. मग गोल्फमध्ये आमच्या मुली दिसत नाहीत, यात उणीव जिद्दीची की फाटकाची?

यावर कोणी म्हणेल, परभणीतच मैदान बांधा. मुळीच नको. ज्या मराठवाड्यात २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे हिरवळीसाठी पाणी मागणे निर्लज्जपणाचे ठरेल. मागणी साधी आहे. सरकारी आणि लष्करी जमिनींवर जी मैदाने आधीच उभी आहेत, त्यांनी लहान जिल्ह्यांतील मुलींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखाव्यात आणि राहण्याची सोय करावी. पुण्यात पूना क्लबच्या मैदानावर महिला व्यावसायिकांच्या स्पर्धा भरल्या आहेत. परभणीहून पुणे एका रात्रीच्या प्रवासावर आहे. जमीन जनतेची असेल, तर तिच्यावरचा खेळ मूठभर सभासदांपुरता का राहावा, याचे उत्तर त्या क्लबांनी द्यायचे आहे. तोवर जिद्दीचे धडे त्यांनी आमच्या मुलींना देऊ नयेत.