संध्याकाळचे दीड तास

भाचीची बदली पुण्याहून साताऱ्याला झाली. फोनवर तिनं विचारलं, "मामा, तिथं सोयी काय आहेत?" मी कासच्या पाण्याचं, राजवाड्याजवळच्या बाजाराचं सांगितलं. सकाळी अजिंक्यतारा चढून नाश्त्याला घरी परतता येतं, हेही सांगितलं. "ते झालं," ती म्हणाली, "पण संध्याकाळी पोरानं करायचं काय?" मला चटकन उत्तर देता आलं नाही.

रस्ते, गटारं, पार्किंग यांवर आपण तावातावानं बोलतो. मुलांची संध्याकाळ कुणाच्याच यादीत नसते.

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं ती यादीत घेतली. कोरोनात शाळा मोबाइलवर आली. शाळा उघडल्या, तरी मोबाइल हातातून सुटेना. 2022 च्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी गावातल्या बायकांची सभा झाली आणि भोंगा घ्यायचं ठरलं. सातला देवळावरचा भोंगा वाजला की टीव्ही, मोबाइल बंद; साडेआठला पुन्हा वाजला की मोकळीक. मधल्या वेळात अभ्यास, वाचन, नाहीतर घरच्यांशी गप्पा. नुसत्या भोंग्यानं हे जमलं नसतं. सुरुवातीला अंगणवाडी सेविका, आशाताई, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक दारोदार फिरले. ते फिरणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

आमच्या सातारा जिल्ह्यातल्या भिलारनं दुसरी वाट धरली. 4 मे 2017 ला ते पुस्तकांचं गाव झालं. योजना सरकारची, पण स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या माणसांनी आपल्या घरातल्या खोल्या पुस्तकांसाठी उघडल्या. परक्यानं आत यावं, खुर्चीत बसून हवं ते वाचावं. पैसे लागत नाहीत.

या दोन्ही गावांपेक्षा आमच्या पेठेत पैसा जास्त आहे. तरी कोपऱ्यावरच्या शाळेला संध्याकाळी सहाला कुलूप लागतं. आत बाकं आहेत, दिवे आहेत, नळाला पाणी आहे. बाहेर फाटकाच्या पायरीवर तीन-चार पोरं एका मोबाइलवर वाकलेली असतात. रोज बघतो.

त्या शाळेच्या दोन खोल्या सात ते साडेआठ उघड्या राहाव्यात, असा अर्ज मी लिहिला आहे. आठवड्यातले दोन दिवस मी स्वतः बसेन. उरलेल्या दिवसांसाठी पेठेतल्या निवृत्त शिक्षकांनी नावं द्यावीत, आणि बाकीच्यांनी अर्जावर सही करावी. रविवारी सकाळी मी शाळेच्या फाटकापाशीच असेन.