लॉकडाऊनमध्ये माहेरी आली, पुढे काय?

२०२० साली राष्ट्रीय महिला आयोगाकडे २३,७२२ तक्रारी आल्या, सहा वर्षांतल्या सर्वाधिक. त्यात घरातल्या मारझोडीच्या पुष्कळ. ज्या घर सोडून निघाल्या, त्यांचे पुढे काय झाले, हे मात्र कोणी विचारत नाही. मिरजगावसारख्या गावात अम्मी-अब्बांकडे परतलेल्या मुलीला आपण पहिला सल्ला देतो, सब्र कर. नुसत्या सब्राने किराणा येत नाही, हे आपल्यालाही ठाऊक असते.

खर्चासाठी सासरच्या गावी खेटे घालायची गरज नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याप्रमाणे ती सध्या जिथे राहते तिथल्या, म्हणजे आपल्याकडे कर्जतच्या, कोर्टात अर्ज करता येतो. बाईला विधी सेवा समितीचा वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. तलाक झाला तरी पोटगी मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ रोजी अब्दुल समद खटल्यात तेच सांगितले. निकाल ६० दिवसांत देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. तारखा किती पडतात ते आपण जाणतोच!

आम्हा शिक्षकांपुढे वेगळीच अडचण येते: मुलाचा दाखला सासरच्या गावात अडकलेला. शिक्षण हक्क कायद्याचे कलम ५ सांगते, दाखल्याला उशीर झाला म्हणून सरकारी वा अनुदानित शाळेला ६ ते १४ वयाच्या मुलाचा प्रवेश अडवता येत नाही. मुख्याध्यापकांना हे कलम दाखवा आणि पोराला उद्याच वर्गात बसवा.