हप्त्याला रोग दिसत नाही

शेतकरी लग्नकार्यात उधळतो म्हणून कर्जात बुडतो, असे शहाणी माणसे अजूनही म्हणतात. हे आम्हांस मान्य नाही. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ साली ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी केली. तिच्या समितीवर धनंजयराव गाडगीळ होते. शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के आढळला. बहुतांश कर्ज सावकारांचे होते. पुढे संस्था वाढल्या, १९८२ साली नाबार्ड आली. पण कर्जाची रीत शेतीला जुळली काय?

सांगोल्याचे उदाहरण घ्या. या अवर्षणप्रवण तालुक्याने डाळिंबावर नाव मिळविले. झाड धरते होण्यास दोन-तीन वर्षे जातात. मग तेल्या पडतो, खोडभुंगेरा शिरतो आणि बाग उपटावी लागते. दुष्काळात गावाची पैसेवारी पन्नासच्या आत आली की वसुली लांबते. एकट्याच्या रोगट बागेला पैसेवारी कुठली? तो सावकाराकडून उचलून बँकेचा हप्ता भरतो आणि अहवालात वसुली उत्तम ठरते!

अभ्यासकांनी वसुलीबरोबर हेही मोजावे की, हप्ता कोणाच्या पैशाने फिटला. आणि आपल्यातील जे पतपेढ्यांच्या संचालक मंडळांवर बसतात, त्यांनी नोटीस धाडण्यापूर्वी एकदा बांधावर जाऊन यावे.