मूळ विचारणाऱ्यांनो, आधी जमीन पाहा!

आम्हाला एक प्रश्न जन्मभर पुरतो : ‘तुम्ही मूळचे कुठले?’ एका साहित्यिक बैठकीत मी ‘घुग्घुसचा’ म्हणालो. विचारणाऱ्याचे समाधान झाले नाही. ‘तसे नव्हे हो, मूळचे?’

मूळ जमिनीत असते, म्हणून आधी आमच्या जमिनीचे सांगतो. २६ ऑगस्ट २०२२ रोजी घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक राहते घर पाहता पाहता साठ-सत्तर फूट खाली गेले. माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. खाली जुनी भूमिगत कोळसा खाण होती. कोळसा कधीच निघून गेला होता, पोकळी तेवढी उरली होती. आजूबाजूची घरेही रिकामी करावी लागली. ही माणसे गाव सोडून कुठे गेली नव्हती. घरच त्यांना सोडून गेले!

आजच्या कलाविश्वात ‘स्थलांतर’ आणि ‘घर’ या शब्दांना मोठा भाव आहे. पण तिथला विस्थापित बहुधा सरहद्द ओलांडणाराच असतो. आपणही त्याहून वेगळे काय केले? पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांना २००६ मध्ये देश सोडावा लागला. २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने खटले रद्द केले, तरी ते परतू शकले नाहीत. २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले आणि ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये डोळे मिटले. हे दुःख आपण आपले मानले, ते योग्यच केले. पण आपली लेखणी तिथेच का थांबावी?

आमच्याच जिल्ह्यातील सास्ती गावी १९८६ मध्ये जन्मलेला प्रभाकर पाचपुते हा चित्रकार पाहा. त्याच्या घरच्या तीन पिढ्या कोळशाच्या खाणीशी बांधलेल्या. तो कोळशानेच भिंतीवर चित्रे काढतो. त्याच्या माणसांना धड असते, पण डोक्याच्या जागी कधी दिवा, कधी एखादे अवजार. २०२१ मध्ये ब्रिटनमधील ‘आर्टेस मुंडी’ पुरस्कार सहा कलावंतांना मिळून देण्यात आला, त्यांत तो होता. जगाने त्याला ओळखले. आपल्या किती अंकांनी त्याच्यावर चार ओळी लिहिल्या? तो आपल्या जमातीचा नाही म्हणून? मग ‘मूळचे कुठले’ विचारणाऱ्यात आणि आपल्यात फरक तो काय राहिला?

खाणीने कधी कुणाचे मूळ विचारले नाही. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेला मजूर, इथला गोंड, इथला कुणबी, इथला मुसलमान, सारे एकाच पाळीत खाली उतरले. आमराईतल्या त्या खड्ड्यानेही दारावरची पाटी वाचली नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. हुसेनची बेवतनी आपली असेल, तर सास्तीची आणि आमराईची बेघरीही आपलीच. आपल्या साहित्याने ती लिहिली पाहिजे. आणि पुन्हा कुणी मूळ विचारले, तर त्यालाच विचारावे : साहेब, आमच्या पायाखालची जमीन कुणी नेली, हे कधी विचारणार?