फ्लेक्स लावता, मग चाचणी पुन्हा का घेत नाही?

मंडळी, जरा स्पष्टच बोलतो. शाळेचं पोरगं विभागीय कबड्डी जिंकून आलं की गावभर फ्लेक्स. फोटोत संस्थाचालक, मुख्याध्यापक, नगरसेवक आणि कोपऱ्यात पोरगं! त्याच आठवड्यात बुडालेल्या घटक चाचणीत मात्र त्याला शून्य.

वर ऐकवतात, "खेळाडूंना ग्रेस गुण मिळतात की!" मिळतात, पण बोर्डाच्या दहावी-बारावीला. नववीत बुडालेलं बीजगणित त्यानं भरून निघत नाही. उद्या गुडघा गेला, मैदान सुटलं, तर हातात शिक्षणच उरणार ना?

पहाटे सराव, दिवसभर शाळा, संध्याकाळी पुन्हा मैदान. पोरगं मागं पडलं की पालकांना सल्ला एकच : "खेळ बंद करा."

1952 साली खाशाबा जाधवांना हेलसिंकी ऑलिम्पिकला जाता यावं म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. आज तुमचं घर कुणी मागत नाही, सर! चुकलेली चाचणी पुन्हा घ्या, बुडालेल्या तासांच्या वह्या मिळवून द्या, आठवड्यातून दोन तास एक शिक्षक द्या. फ्लेक्सपेक्षा स्वस्तच पडेल.

पालकहो, तोंडी विनवण्या पुरे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.