ब्लॅक बेल्ट किती महिन्यांत?

मुलाला कराटेला घालताना पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला : सर, ब्लॅक बेल्ट कधी मिळेल? अहो, पहिल्या ब्लॅक बेल्टला जपानीत 'शोदान' म्हणतात, म्हणजे सुरुवातीची पायरी! आठ वर्षांच्या पोराला दोन वर्षांत तो देणारा क्लास मला तरी परीक्षा-फीचं दुकान वाटतो.

भाच्यासाठी क्लास बघताना मी आधी जमीन बघितली. नुसती फरशी आणि वर फेकाफेकी, असं दिसलं की तिथूनच परत. ज्यूदोत फेकायच्या आधी पडायला शिकवतात. त्याला 'उकेमी' म्हणतात. मागे पडताना हनुवटी छातीशी घ्यायची आणि हाताने मॅटवर थाप मारायची, म्हणजे डोकं आपटत नाही. पोरं मारामारीत कमी आणि सायकलवरून जास्त पडतात, तेव्हा उपयोगाचं काय ते तुम्हीच बघा.

आणि स्पर्धांचं वेड? २०२२ साली जपानच्या ज्यूदो महासंघाने प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद केली. चिमुरड्यांना वजन उतरवायला लावणं, काठावरून कोच-पालकांनी ओरडणं, हे फार झालं होतं. ज्यूदो जिथे जन्मला तिथली ही गोष्ट! आपल्याकडे मात्र मेडलचे फोटो फ्लेक्सवर.

असो. फी विचारण्याआधी एक तास कोपऱ्यात बसून क्लास बघू द्याल का, एवढं विचारा. एका ठिकाणी मला सरळ 'पालकांना आत परवानगी नाही' सांगितलं. तिथली फी मी विचारलीच नाही.