किलोमीटर मोजूच, पण शोधक कोणाचा हेही विचारू

बँकेचे व्यवहार, आरोग्याच्या नोंदी, सरकारी पत्रव्यवहार आज ज्या सांकेतिक कुलपांत बंद आहेत, त्यांतली बरीचशी कुलपे उद्याचा शक्तिशाली क्वांटम संगणक उघडू शकेल. आज चोरून साठवलेली माहितीही तेव्हा वाचता येईल. त्यामुळे सुरक्षित दळणवळण हे राष्ट्रीय क्वांटम मिशनचे एक मुख्य उद्दिष्ट आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी ६,००३.६५ कोटी रुपयांच्या या योजनेला मंजुरी दिली. शहराशहरांत २,००० किलोमीटरपर्यंत क्वांटम पद्धतीने गुप्त किल्ली पोहोचवणे हे त्यातले एक लक्ष्य.

कल्पना १९८४ची, बेनेट आणि ब्रासार यांची. किल्ली एकेका प्रकाशकणावरून, म्हणजे फोटॉनवरून पाठवायची. मध्येच कोणी तो मोजला, तर त्याची अवस्था बिघडते आणि चोरी उघड होते.

अडचण अंतराची. उत्तम ऑप्टिकल फायबरमध्येही दर पंधरा किलोमीटरला साधारण निम्मे फोटॉन गळतात. १०० किलोमीटरवर शंभरातला एक उरतो, २०० वर दहा हजारांतला एक. नेहमीच्या संदेशासारखे त्यांना वाटेत वाढवूनही घेता येत नाही. मग पलीकडे पोहोचलेला एकुलता एक कण हातचा जाऊ न देणारा शोधक लागतो.

हे काम अतिवाहक तार करते. नायोबियम नायट्राइडसारख्या पदार्थाची, केसाच्या हजाराव्या भागाइतकी बारीक तार उणे २७० अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवतात. फोटॉन आदळला की तेवढ्या जागी अतिवाहकता क्षणभर मोडते आणि विजेचा ठोका मिळतो. २००१ मध्ये सिद्ध झालेले हे तंत्र आज शंभरातले नव्वदहून अधिक फोटॉन टिपू शकते.

तरीही चीनच्या २,००० किलोमीटरच्या बीजिंग–शांघाय मार्गावर ३२ ठाणी आहेत. किल्ली प्रत्येक मधल्या ठाण्यात उलगडते, म्हणून तिथल्या माणसांवर आणि यंत्रांवर भरवसा ठेवावाच लागतो. २०१० मध्ये संशोधकांनी बाजारातल्या यंत्रांचे शोधक प्रखर प्रकाशाने दिपवून, कोणाला पत्ता न लागता किल्ली मिळवता येते हे दाखवले. नियम निसर्गाचा असला तरी यंत्र माणसाचेच असते.

सर्वसामान्य व्यवहारांसाठी गणिती उपाय स्वस्त आहे. अमेरिकेच्या निस्ट संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये त्याची पहिली तीन मानके जाहीर केली आणि ती आहे त्याच संगणकांवर चालतात. क्वांटम जाळे शोभते ते मोजक्या, अतिमहत्त्वाच्या दुव्यांवर.

मिशनच्या आराखड्यात देशी शोधकांचा समावेश आहे, ही जमेची बाजू. आयात केलेल्या बंद डब्यावर उभे राहिलेले जाळे कितीही लांब असले, तरी त्याचा भरवसा दुसऱ्याच्या हाती राहील. त्यासाठी अतिशीत तंत्र, पातळ थरांची घडण आणि प्रकाशशास्त्र जाणणारी मंडळी लागतील. आपल्या घरांत बारावीनंतर अभियांत्रिकी म्हणजे फक्त संगणक, असे समीकरण बसले आहे. यंदा प्रवेशाची चर्चा निघेल तेव्हा भौतिकशास्त्राचे नावही जरूर काढा.